ॲडव्हान्स्ड सिरॅमिक्सचा वर्ग पहिल्यांदा घेताना

नवशिक्यांच्या वर्गात माणसाचे हात मातीत मनसोक्त बरबटले आणि घरी न्यायला एक वाकडा का होईना कप मिळाला, की काम झालं. ॲडव्हान्स्ड वर्गाचं तेवढ्यावर भागत नाही. इथे येणाऱ्याला गोळा मध्यावर आणता येतो, भांडं उभं करता येतं, ट्रिमिंग, म्हणजे तळाची जादा माती कोरून काढणं, जमतं. त्याचं अडतं ते दुसरीकडेच. गेल्या महिन्यात छान आलेलं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेचा थर, या वेळी का ओघळलं? झाकण भट्टीतून आल्यावर का बसेना? सहा कपांतला एकच का तडकला?

पहिल्यांदा शिकवणारे बहुतेक जण आकारांची चढती यादी करतात: आधी झाकणाची बरणी, मग टीपॉट, मग मोठा रांजण. मला ती यादी अपुरी वाटते. आकार मुलं व्हिडिओ बघूनही उचलतात. वर्गात बसून शिकण्यासारखं आहे ते भाकीत. भट्टी लावण्याआधी काय होईल ते सांगता यावं, आणि उघडल्यावर तसं का झालं किंवा का झालं नाही, ते भांडं हातात घेऊन ओळखता यावं. पुढचा सगळा क्रम याच हिशेबाने लावलाय. बारा आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी तीन तास असं धरून चाला.

पायरी १: कोणाला घ्यायचं

‘किती महिने शिकलात?’ या प्रश्नाच्या उत्तरातून काहीच कळत नाही. अर्धा-अर्धा किलोचे तीन गोळे द्या आणि एकाच उंचीचे तीन सिलिंडर करायला सांगा. झाले की तिन्ही वायरने उभे चिरायला लावा. तळाशी माती राहिली आहे का, भिंत मध्येच पातळ झाली आहे का, हे चिरल्यावर लगेच दिसतं. फार पातळ भिंतीचं कौतुक करू नका. तिन्ही सारखे आहेत का, ते बघा. काहींना स्वतःचं भांडं चिरवत नाही. अशा माणसाला घ्यायला हरकत नाही, पण या वर्गात निम्मं काम मोडण्यासाठीच असतं हे त्याला आधीच सांगा.

किती जण घ्यायचे ते चाकं मोजून ठरवू नका, भट्टी बघून ठरवा. भांडी, चाचणीच्या टाइल्स, पुन्हा केलेल्या टाइल्स हे सगळं भट्टीत जायचं असतं. मध्यम आकाराची एकच इलेक्ट्रिक भट्टी असेल तर सहा, फार तर आठ. भाजणीचे पैसे फीमध्ये घालू नका, भट्टीत व्यापलेल्या जागेनुसार वेगळे घ्या. मग नको ते भांडं भाजायला देताना माणूस स्वतःच दोनदा विचार करतो.

पायरी २: वेळापत्रक शेवटाकडून लावा

शेवटची ग्लेझ भाजणी अकराव्या आठवड्यात झालीच पाहिजे, कारण बारावा आठवडा निकालावर बोलण्यासाठी लागतो. तिथून मागे मोजत या. ग्लेझच्या चाचण्यांच्या निदान दोन फेऱ्या हव्यात, म्हणजे पहिल्या टाइल्स तिसऱ्या आठवड्यातच भाजून निघायला हव्यात. म्हणून पहिल्याच दिवशी चाकावर बसवण्याऐवजी प्रत्येकाकडून चाचणीच्या टाइल्स करून घ्या. मुलं कुरकुर करतात. करू द्या.

पायरी ३: माती मोजायला शिकवा

मातीची पट्टी लाटून तिच्यावर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ मारायची. पट्टी वाळल्यावर, बिस्क (ग्लेझ लावण्याआधीची पहिली, कमी तापाची भाजणी) झाल्यावर आणि शेवटच्या तापमानाला भाजल्यावर ती रेघ पुन्हा मोजायची. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापाला भाजायच्या मातीत रेघ साधारण ८.७ ते ९ सेंटीमीटरपर्यंत येते, म्हणजे १० ते १३ टक्के आकुंचन.

आता फळ्यावर गणित घाला: माती १२ टक्के आकसते आणि भाजलेला कप १० सेंटीमीटर उंच हवाय, तर ओला कप किती उंच ओढायचा? निम्मा वर्ग ११.२ म्हणतो. उत्तर ११.४ च्या जवळ आहे, कारण १० ला ०.८८ ने भागायचं असतं, १० मध्ये १२ टक्के मिळवायचे नसतात. मोठ्या भांड्यात आणि मापाच्या झाकणात हा फरक चांगलाच नडतो.

दुसरी चाचणी पाणी शोषण्याची. पूर्ण भाजलेला, ग्लेझ न लावलेला तुकडा कोरडा असताना वजन करा. दोन तास उकळा, रात्रभर त्याच पाण्यात राहू द्या, बाहेर काढून वरचं पाणी पुसा आणि पुन्हा वजन करा. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभरने गुणलं की टक्केवारी मिळते. जेवणाच्या भांड्यांसाठी ती दोनच्या खाली असलेली बरी. पाच-सहा टक्के आली, तर ती माती त्या तापमानाला पुरती भाजलेलीच नाही. तिच्या फुलदाणीतून टेबलावर ओल उतरणार, ग्लेझ कितीही सुंदर असो.

कोणी तरी गावाकडची माती पिशवीत घेऊन येतोच. आणू द्या, पण अनोळखी माती थेट शेल्फवर ठेवू नका. जुन्या बिस्कच्या बशीत ठेवून भाजा, वितळली तर बशीतच राहील. आपल्याकडच्या नदीकाठच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भाजून निघालेलं भांडं ठीकठाक दिसतं आणि काही दिवसांनी त्या खड्यांनी हवेतली ओल धरली की पृष्ठभागाचे टवके उडतात. म्हणून अशी माती पातळ करून बारीक चाळणीतून गाळायची, आणि तिची पहिली भांडी दोन-तीन आठवडे नुसती ठेवून बघायची.

पायरी ४: चाकावर, पण तुमचे हात मागे

‘मॅडम, जरा मध्यावर आणून द्या ना’ ही विनंती ॲडव्हान्स्ड वर्गातही येते. देऊ नका. शिकवणाऱ्याने एकदा हात लावला की ते भांडं विद्यार्थ्याचं राहत नाही, आणि पुढे ते तडकलं तर कोणामुळे, हेही सांगता येत नाही. दाखवायचंच असेल तर शेजारच्या चाकावर, तुमच्या स्वतःच्या गोळ्यावर दाखवा.

एकच आकार पुन्हा पुन्हा करण्याला पर्याय नाही. कागदावर उंची, तोंडाची रुंदी आणि मातीचं वजन लिहून एका बैठकीत दहा कप, त्यातले चांगले चार ठेवायचे. कोणते चार, हे विद्यार्थ्यानेच निवडायचं आणि कारण लिहायचं. या निवडीतून त्याची नजर किती तयार झाली ते तुम्हाला कळतं.

टीपॉट मला आवडतो तो शोभेसाठी नाही. एकाच वस्तूत पोट, झाकण, तोटी आणि दांडा हे चार भाग वेगवेगळ्या वेळी होतात आणि एकाच वेळी वाळावे लागतात, म्हणून. काही गोष्टी आधीच सांगून ठेवा. पोट आणि झाकण त्याच मातीचे, त्याच दिवशी, कॅलिपरने मोजून करायचे, आणि झाकण जागेवर ठेवूनच वाळवायचं व बिस्क करायचं. तोटीचं टोक चहाच्या पातळीपेक्षा वर हवं, नाहीतर भांडं भरतानाच गळतं. गाळणीची भोकं ग्लेझने बुजतात, म्हणून वाटतात त्यापेक्षा मोठी पाडा. चाकावर ओढलेली तोटी भाजताना थोडी पिळवटते, सरळ कापलेलं टोक तिरकं होतं. किती आणि कोणत्या बाजूला, हे तुमच्या मातीवर आणि चाकाच्या दिशेवर ठरतं, म्हणून पहिल्या दोन तोट्या सरळच कापून भाजायला लावा आणि पुढच्यांना तेवढा उलटा तिरपा छेद द्या.

मोठी भांडी शिकवायची असतील तर एक दिवस जवळच्या कुंभारवाड्यात जा. मुंबईकरांना धारावी आहे. चाकावर जाड भिंतीचं छोटं भांडं ओढून मग आतून गोटा धरून बाहेरून थापीने थापटत ते फुगवत नेणं ही आपल्याकडची जुनी रीत. एका गोळ्यातून मोठं भांडं चाकावरच ओढायचा हट्ट का धरायचा, हा प्रश्न तिथे आपोआप पडतो. अर्धा दिवस कारागिराचा धंदा थांबतो, त्याचे पैसे ठरवून जा.

पायरी ५: वाळवणं

इथे छापील वेळापत्रकांचा काही उपयोग नाही. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत भांडं आठ दिवसांनीही आतून ओलंच असतं. मे महिन्यात नागपुरात काठ तासाभरात पांढरा पडतो आणि तळ ओलाच राहतो. काठ आधी आकसला की त्याची तळाशी ओढाताण होते आणि चीर पडते. कोरड्या हवेत काठावर प्लास्टिक, लेदर हार्ड, म्हणजे चामड्याइतकं कडक झालं की भांडं उलटं. दांड्यांवर ओल्या कापडाची पट्टी. पावसाळ्यात भांडी भट्टीत ठेवून ८०-९० अंशांवर रात्रभर धरायची आणि वाफ जायला वरचं भोक उघडं ठेवायचं. भांडं गालाला लावून बघायची सवय लावा. गार लागलं तर आत पाणी आहे.

पायरी ६: ग्लेझ

निम्मा वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. तयार ग्लेझची बादली विकत मिळते, पण या वर्गात ती बंद ठेवा.

सुरुवात अशा पाककृतीपासून करा जिचा प्रत्येक घटक समजावता येतो. फेल्डस्पार ४०, सिलिका ३०, व्हायटिंग (चुनखडीची पूड) २०, चायना क्ले १०. जगभरच्या कुंभारांना हे चार-तीन-दोन-एक म्हणून माहीत आहे, आणि कोन १० ला म्हणजे साधारण १२८५ ते १३०० अंशांना ते पारदर्शक वितळतं. (कोन म्हणजे भट्टीत ठेवायची, ठरावीक तापाला वाकणारी छोटी सुळकी; तिच्या क्रमांकावरून भाजणी मोजतात.) सिलिका काच होते. व्हायटिंगमधला कॅल्शियम आणि फेल्डस्पारमधले सोडियम-पोटॅशियम तिला लवकर वितळवतात. चायना क्लेमधली ॲल्युमिना ते सगळं उभ्या भिंतीवरून ओघळू देत नाही, शिवाय चायना क्ले पावडर बादलीच्या तळाशी बसू देत नाही.

आता हेच ग्लेझ मुद्दाम कोन ६ ला, म्हणजे १२२० अंशांच्या आसपास भाजा. भाजण्याआधी प्रत्येकाने काय होईल ते लिहायचं. टाइल पांढुरकी, अर्धवट वितळलेली निघते. मग विचारा: तापमान न वाढवता हे कसं वितळवायचं? कोणी म्हणेल सिलिका कमी करा, कोणी व्हायटिंग वाढवा. सगळं करून बघू द्या. शेवटी बोरॉनच्या फ्रिटपर्यंत (आधीच वितळवून दळलेल्या काचेपर्यंत) पोचतात आणि ते १०, २०, ३० भाग घालून बघितलं की कोन ६ च्या पाककृतींमध्ये फ्रिट का असतं हे पुन्हा सांगावं लागत नाही.

चाचण्यांची पद्धत सोपी आहे. दोन ग्लेझ, अ आणि ब, सारख्याच घनतेची करायची. बुडवायच्या ग्लेझसाठी १०० मिलिलिटरचं वजन १४५ ग्रॅमच्या आसपास ठेवा. मग ते मापाने मिसळायचे: शंभर-शून्य, नव्वद-दहा, ऐंशी-वीस, असे अकरा कप, अकरा टाइल्स. तीन घटक असतील तर मिश्रणं त्रिकोणात मांडून एकवीस टाइल्स. टाइल उभी राहील अशीच करा, आडव्या टाइलवर ओघळ दिसत नाही. टाइलच्या मागे आयर्न ऑक्साइडने क्रमांक, आणि त्याच क्रमांकाची नोंद वहीत: वजनं, किती सेकंद बुडवलं, भट्टीत कुठे होतं, कोणता कोन पडला. सामान राजस्थान-गुजरातेतून गोण्यांनी येतं आणि दर गोणीचा फेल्डस्पार सारखा नसतो, म्हणून गोणीची तारीखही लिहा. पुण्यात काम केलेल्या निर्मला पटवर्धन ग्लेझच्या अभ्यासासाठी ओळखल्या जातात. मुलांना ते नाव माहीत असावं.

रंगासाठी एकच धातू घ्या: आयर्न ऑक्साइड १, २, ४, ६, ८, १० टक्के. इलेक्ट्रिक भट्टीत मधासारख्या पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंतची रांग मिळते. गॅसच्या भट्टीत ऑक्सिजन तोडून भाजलं तर तेच एक-दोन टक्के लोखंड निळसर हिरवं होतं. इलेक्ट्रिकवर शिकवत असाल तर सेलाडॉनचे, म्हणजे या निळसर हिरव्या ग्लेझचे फोटो दाखवून तेच मिळेल असं भासवू नका.

मग दख्खनला शोभेल असा एक प्रकल्प. खडी क्रशरवरची काळ्या दगडाची बारीक पूड आणा. आपला बेसॉल्ट म्हणजे जवळजवळ निम्मी सिलिका आणि दहा टक्क्यांच्या वर लोखंडाची ऑक्साइडं. कोन १० ला तो बारीक दळून एकटाच लावला तरी बहुधा तपकिरी-काळा वितळतो. त्याच्यासोबत लाकडाची राख आणि भाताच्या तुसाची राख घेऊन दोन रांगा करायला द्या. लाकडाच्या राखेत भर कॅल्शियमचा, तुसाच्या राखेत जवळजवळ सगळी सिलिका. एक ग्लेझ पातळ करते, दुसरी घट्ट. काय कुठे जाईल हे आधी लिहून घ्यायला या चाचणीइतकी चांगली संधी नाही. राख कालवताना हातमोजे हवेतच, तिचं पाणी कातडी खातं.

सुरक्षेचं थोडक्यात, पण यावर वाटाघाटी नाही. पावडर मोजताना साधा कापडी मास्क नाही, एन-९५. वर्गात कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. शिशाचं फ्रिट आणि बेरियम कार्बोनेट कपाटात ठेवूच नका. मँगनीज वापरत असाल तर भट्टी चालू असताना त्या खोलीत कोणी बसायचं नाही, आणि एक्झॉस्ट फॅन लागलेलाच हवा.

पायरी ७: भट्टी मुलांनी लावायची

लावणं, कोन ठेवणं, वेळापत्रक भरणं, सगळं त्यांच्या हातून. तुम्ही शेवटी एकदा तपासा. शेल्फवर ॲल्युमिना हायड्रेट आणि चायना क्लेचा निम्मा-निम्मा लेप आहे ना, भांड्याचे तळ पुसलेत ना.

कोन ६ च्या भाजणीला कोन तीन ठेवायचे: ५, ६ आणि ७. पाचवा आडवा, सहाव्याचं टोक टेकलेलं, सातवा जेमतेम झुकलेला, असं दिसलं की भाजणी बरोबर. कंट्रोलरवरचा आकडा फक्त त्या क्षणाचं तापमान सांगतो, कोन तापमान आणि वेळ दोन्हींचा परिणाम दाखवतो. जर्मन रसायनतज्ज्ञ हरमान झेगर यांनी १८८६ मध्ये ही युक्ती काढली, डिजिटल कंट्रोलर आल्यावरही तिची गरज संपली नाही. भट्टीतलं तापमान मोजणारा थर्मोकपल जुना झाला की आकडा खोटा बोलतो, कोन बोलत नाही.

बिस्कला पहिले २०० अंश तासाला ६० च्या वेगाने, पुढे ६०० पर्यंत १०० च्या आत, मग जरा जोरात, ९५० ते १००० ला थांबायचं. ५७३ अंशांला क्वार्ट्झ एकदम फुगतो आणि थंड होताना तिथेच आकसतो, म्हणून त्या टप्प्याला दोन्ही वेळा घाई नको. ग्लेझच्या भाजणीत शेवटचे १०० अंश तासाला ६० ते ८०, आणि वर १५ मिनिटं धरा. वीज जाण्याचा भरवसा नसतो, तेव्हा कंट्रोलर वीज परतल्यावर जिथे होता तिथून सुरू होतो की पहिल्यापासून, हे वर्ग सुरू होण्याआधी माहीत करून घ्या.

दार बंद करण्याआधी प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहायची: माझं कोणतं भांडं बिघडेल आणि का. चिठ्ठ्या डब्यात.

पायरी ८: उघडल्यावर

१०० अंशांच्या वर असताना दार उघडायचं नाही, कोणाचा कितीही जीव खालीवर होवो. भांडी टेबलावर मांडा, चिठ्ठ्या वाचा, मग बोला. ‘छान’, ‘सुंदर’ हे शब्द त्या दिवसापुरते बंद.

तड वाचायला शिकवा. तडीच्या कडांवर ग्लेझ गोल होऊन आत वळलं असेल, तर तड ग्लेझ वितळण्याआधीची आहे, वाळवताना किंवा चढत्या तापात पडलेली. कडा धारदार असतील, ग्लेझ सुरीने कापल्यासारखं असेल, तर तड थंड होताना पडली. दोन्हींची औषधं वेगळी. तळाच्या मध्यभागी इंग्रजी एससारखी तड दिसली, तर तळ दाबून बसवला नव्हता किंवा तिथे पाणी साचू दिलं होतं. भट्टीला दोष देऊ नका.

ग्लेझवर बारीक जाळी पडली असेल तर ग्लेझ थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसलं. सिलिका वाढवा किंवा सोडियम-पोटॅशियम कमी करा. उलट काठावरून ग्लेझचे पापुद्रे निघत असतील तर ते प्रकरण गंभीर आहे. असं भांडं खाण्यापिण्यासाठी वापरूच नका, कारण पापुद्रा म्हणजे काच. जाळी उशिराही येते, म्हणून भांडं फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून सरळ उकळत्या पाण्यात बुडवून बघा. ग्लेझ एका जागी गोळा होऊन माती उघडी पडली असेल तर आधी धूळ आणि बोटांचं तेल तपासा, पाककृती नंतर.

जेवणाच्या भांड्यांवर लिंबाची फोड रात्रभर ठेवायला लावा. सकाळी तिथला रंग उडाला असेल तर ते ग्लेझ ताटात नको, कुंडीवर चालेल. तांब्याच्या हिरव्या ग्लेझवर ही चाचणी चुकवू नका. मात्र फोडीखाली काही झालं नाही, एवढ्यावरून ग्लेझ निर्धोक ठरत नाही. विकायची भांडी असतील तर प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी लागतात.

बोलताना एक नियम बरा पडतो: ज्याचं भांडं त्याने आधी कारण सांगायचं, मग बाकीच्यांनी, तुम्ही सर्वांत शेवटी. तुमचं कारण त्याच्या कारणापेक्षा वेगळं असेल तर वाद घालत बसू नका. दोन्ही कारणांसाठी एकेक टाइल करा आणि पुढच्या भट्टीत ठेवा.

वर्ग संपला की बादल्या धुतल्याचं पाणी मोरीत जाऊ देऊ नका. मोठ्या पिंपात गाळ बसू द्या आणि वरचं नितळ पाणी पुन्हा बादल्या धुवायलाच वापरा. खालचा गाळ चाळून एका टाइलवर भाजून बघा. बहुतेक वेळा मातकट तपकिरी ग्लेझ निघतं. लिंबाच्या फोडीच्या चाचणीत टिकलं तरी त्याचा भरवसा ठेवू नका, कुंड्यांच्या बाहेरच्या बाजूला ते खुशाल लावा.